व्हर्लनच्या हातचा वेल्ड

"दोन इंच खाली घे!" रस्त्याच्या पलीकडून व्हर्लन ओरडला.

मी माझ्या गॅरेजच्या दारात गुडघे टेकून, दोन्ही हातांत दिवा धरून गाडीच्या नाकाशी बसलो होतो. अर्धा तास हाच खेळ चालला होता. खाली घे, वर घे, आत घे, आता जरासा बाहेर. सप्टेंबर संपत आला तरी आमच्या ऑइलडेल गावातलं ऊन माघार घेत नव्हतं, आणि माझ्या कोपरांवरून घाम टपटप फरशीवर पडत होता.

"उस्ताद, माझे हात गळून पडतील आता."

"हात पडले तर पडू देत. दिवा पाडू नकोस. असले दिवे आता मिळत नाहीत."

दिवे बसवायची आमच्याकडची रीत हीच. मोजपट्टी नंतर. आधी एकानं दिवा धरायचा आणि दुसऱ्यानं रस्ता ओलांडून लांबून बघायचं, कारण लोक गाडी लांबूनच बघतात. हॉट रॉड म्हणजे जुने भाग जमवून हातानं बांधलेली गाडी, तिला कारखान्यातून आयतं आलेलं असं काही नसतं. आमच्या गाडीचा सांगाडा एका फोर्डचा, वरचं धड तिच्याहून तीन वर्षं जुन्या फोर्डचं, इंजिन एका ट्रकचं, आणि दिवे टेहाचापीजवळच्या शेतात सडत पडलेल्या ट्रॅक्टरचे. ह्या सगळ्यांची एकमेकांशी कधी ओळखदेख नव्हती. ती करून द्यायची तर लोखंड कापावं, वाकवावं आणि जोडावं लागतं. त्यात दिवे ज्यांवर उभे राहतात त्या बैठका म्हणजे सगळ्यात चिडचिडं काम. दिवे फार वर गेले की गाडी दचकल्यासारखी दिसते, फार फाकले की तिचा बेडूक होतो. इंजिनातली चूक झाकणाखाली झाकता येते. चेहऱ्यावरची कुठे झाकणार?

"हां! तिथेच! हलू नकोस!" म्हणत व्हर्लन रस्ता ओलांडायला निघाला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, चालतो मात्र अजून फोरमनसारखा. येणाऱ्या पिकअपनं त्याच्यासाठी ब्रेक मारला, तर ह्यानं त्या ड्रायव्हरकडेच रागानं बघितलं.

त्याच्या हाताखाली मी एकोणिसाव्या वर्षी लागलो. तेलाच्या विहिरींसाठी पाइप आणि टाक्या बनवायचं त्याचं शॉप होतं. मला वेल्डिंग त्यानं शिकवलं, गाडी चालवायला त्यानं शिकवलं, आणि एकदा भर बाजारात माझ्या थोबाडीतही त्यानंच मारली. ती का मारली ते सांगण्यासारखं नाही, पण मारायलाच हवी होती. मला आईबाप होते, नाही असं नाही. पण मी कोणाला घाबरत असेन तर ह्या माणसाला.

मला स्वस्थ बसवत नाही. बायको म्हणायची, तुझ्या खुर्चीला खिळे आहेत का? ती आता फ्रेस्नोला एका स्वस्थ बसणाऱ्या माणसाबरोबर राहते. त्या दिवसांत तर माझ्या पायाला भिंगरीच लागली होती, कारण आठवडा-दीड आठवड्यावर ऑक्टोबरचा पहिला रविवार आला होता. त्या दिवशी आमच्या हॉट रॉड क्लबच्या सगळ्या गाड्या रांगेनं कर्न नदीच्या घळीतून वर तळ्यापर्यंत जातात. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला खोल नदी, आणि मधून साप गेल्यासारखा रस्ता. व्हर्लन तीन वर्षं गेला नव्हता. ह्या वर्षी जाणार, आपल्या हातानं बांधलेल्या गाडीतून जाणार, आणि शेजारच्या सीटवर नॅडीन असणार, असा त्यानं तिला, आपल्या बायकोला, शब्द दिला होता.

तीन वर्षं तो का गेला नाही, हे गावात कोणी बोलत नसे. त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता.

बैठकांचे साचे आम्ही कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे कापले. मग त्यावरून जाड पत्र्याचे दोन तळवे, आणि त्यांच्यावर उभी राहणारी दोन वाकडी नळकांडी. नळी वाकवताना चेमटू नये म्हणून व्हर्लननं ती वाळूनं ठासून भरायला लावली, दोन्ही टोकांना बुचं मारायला लावली, आणि लालबुंद झाल्यावरच हात लावू दिला. दिव्याची वायर नळीच्या आतून जावी, बाहेर लोंबू नये, म्हणून तळव्यात भोक. भोकाची धार मी कानशीनं घासली. त्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, "परत घास. इथे वायर सोलली जाईल आणि भर रस्त्यात तू आंधळा होशील." मी परत घासली.

गुरुवारी दुपारी सगळं जुळवून झालं. तळव्यावर नळी उभी करून मी वेल्डचे तात्पुरते दोन-दोन टाके मारले. आता पूर्ण वेल्ड तेवढा बाकी होता. मी शिरस्त्राण चढवलं, तर व्हर्लन म्हणाला, "ऊठ."

"काय झालं?"

"चेहऱ्याचं काम आहे. हे मी करणार."

"उस्ताद, गरम होतंय, तुम्ही सावलीत बसा, मी पटकन..."

"लाइल, तुला ऐकायला कमी येतं की मलाच बोलता येत नाही?"

मी उठलो. दुसरं काय करणार होतो?

हे वेल्डिंग तसं शांत असतं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तार, पायाखाली पेडल. टॉर्चच्या टोकाची सुई लोखंडाला चिकटू न देता केसभर वर धरायची आणि खालच्या वितळलेल्या थेंबाला तारेचे घास भरवत पुढे न्यायचं. नीट चाललं असेल तर एकसुरी भुणभुण ऐकू येते. मी पाठ करून उभा होतो, पण कान तिकडेच. भुणभुण, मग चर्र, मग गप्प. सुई वितळलेल्या लोखंडात बुडाली. तो काही न बोलता सुई घासून आला. पुन्हा भुणभुण, पुन्हा चर्र. असं सात-आठ वेळा झालं. मी उगाच स्क्रू मोजत बसलो. त्याच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

शेवटी त्यानं शिरस्त्राण काढलं, आपल्या पेटीतून पोलादी शिक्का घेतला आणि प्रत्येक वेल्डच्या शेजारी हातोडीनं एकेक ठोका दिला. त्याच्या नावाची दोन अक्षरं. आमच्या धंद्यात ज्यानं वेल्ड केला त्यानं शेजारी आपला शिक्का मारायचा. उद्या पाइप फुटला, माणूस मेला, तर कोणाच्या दारात जायचं ते कळायला हवं. आणि दुसरा नियम असा, की दुसऱ्याच्या शिक्क्याच्या वेल्डला त्याला विचारल्याशिवाय ग्राइंडर लावायचा नाही. वाईट असला तर त्याला बोलवायचं, त्याच्यासमोर सांगायचं, मग तो स्वतः कापील. एका पोरानं एकदा दुसऱ्याचा शिक्का मारला म्हणून व्हर्लननं त्याला पगाराचीही वाट बघू न देता हाकललं होतं.

"दमलो," तो म्हणाला. "उद्या नॅडीनला घेऊन तिच्या भावाकडे जायचंय. शनिवारी येतो." वेल्डकडे त्यानं एकदाही बघितलं नाही.

तो गेल्यावर मी बघितलं. वेल्ड सांध्यावर कमी आणि सांध्याच्या शेजारी जास्त होता. भोकं पडलेली, कडा खाल्लेल्या, एका जागी नुसताच गोळा.  ह्याच माणसाचे वेल्ड बघायला एकेकाळी दुसऱ्या शॉपची माणसं जेवणाच्या सुट्टीत यायची. नाण्यांची चळत आडवी पाडावी तसे एकासारखे एक खवले.

एक बैठक मी व्हाइसच्या शिकंज्यात धरली आणि तिच्यात दोन फुटी पाइप घालून दाबली. फार जोर लावावा लागला नाही. कट्ट करून मोडली.

आता मी काय करायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. शनिवारी तो आला की त्याच्यासमोर तुकडे ठेवायचे आणि सांगायचं. मी शुक्रवारी सकाळी उठलो, गॅरेजमध्ये गेलो, बाहेर आलो, पुन्हा आत गेलो. कॉफी केली, ती प्यायची राहिली. त्याला काय सांगणार होतो? उस्ताद, तुमचा हात गेला? मी स्वतःला म्हटलं, दिव्याची तर बैठक आहे, स्वतःच बनवून टाक, म्हातारा खूश, तूही मोकळा. मनात एकदा पळवाट सापडली की ती फार रुंद दिसते.

नवे तळवे कापले, नवी नळी वाळूनं भरली, वाकवली. वेल्ड मात्र मी माझ्या हातचा केला नाही. माझा वेल्ड घाईचा, लांब खवल्यांचा असतो. व्हर्लनचा आखूड, दाट, आणि शेवटी येताना थोडा मागे वळून बंद केलेला. छत्तीस वर्षं बघत आलो होतो. दोन सांध्यांना चार तास लागले. दुसरा झाल्यावर मी खाली बसलो आणि मला वाटलं, वा रे पठ्ठ्या, तुझ्या जन्मात इतका चांगला वेल्ड तू स्वतःच्या नावानं केला नाहीस.

मग त्याची पेटी उघडली. शिक्का काढला. हातोडी उचलली, खाली ठेवली, दारापर्यंत जाऊन रस्ता बघून आलो. कोणी नव्हतं. दोन ठोके मारले.

शनिवारी व्हर्लन आला तेव्हा बैठका गाडीला लावून, वर दिवे चढवून, सगळं तयार ठेवलं होतं. तो रस्त्यापलीकडे जाऊन बघून आला. खूश दिसला. मग वाकला आणि सवयीनं अंगठा वेल्डवरून फिरवला. अंगठा थांबला. त्यानं खिशातून चष्मा काढला, नाकावर चढवला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"हे मी केलं?"

मी फडक्याला हात पुसत होतो. पुसतच राहिलो. "शिक्का कोणाचा आहे?" मी म्हटलं.

खोटं बोललो नाही, अशी मी नंतर आठ दिवस स्वतःची समजूत घालत होतो. पण माणूस सगळ्यात मोठं खोटं बोलतो ते असं प्रश्न विचारूनच.

व्हर्लन सरळ झाला. त्यानं उजवा हात डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला. हात थरथरतच होता. "म्हणजे असा रिकामा धरला की नाटकं करतो," तो म्हणाला, "आणि कामाला लावला की सुतासारखा सरळ. सुई सारखी बुडत होती, तेव्हा मला वाटलं, गेलं सगळं. मी बघितलंसुद्धा नाही रे. भीती वाटली." आणि तो हसला. तीन वर्षांत मी त्याला तसं हसताना बघितलं नव्हतं. त्या क्षणी मला वाटलं, बरं केलंस, लाइल. तेवढ्यापुरतंच.

तिथून पुढचे आठ दिवस माझा जीव नुसता टांगणीला लागला.

म्हातारा सकाळी सहाला दारात हजर. त्यानं मागच्या दिव्याची पट्टी वेल्ड करायला घेतली. ती मी "अरेरे, उलटी लागली" म्हणून त्याच्या हातून काढून घेतली. त्यानं पायरीचा पत्रा घेतला. मी म्हटलं, त्याला आधी रंग द्यायचाय. नॅडीननं रविवारी चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले. म्हाताऱ्या बायका माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "तुझ्या गॅरेजचा गुण आहे हो." व्हर्लननं बायकोला सांगितलं, सोमवारची डॉक्टरची वेळ रद्द कर, त्या पोरसवदा डॉक्टरपेक्षा मला माझा हात जास्त कळतो. पेट्रोल पंपावर, न्हाव्याकडे, डोनटच्या दुकानात, जिथे जाईल तिथे तो हात पुढे करून दाखवी. लोक थरथरणारा हात बघत आणि माना डोलवत.

आणि मग बुधवारी तो गाडीच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आता स्टिअरिंग."

स्टिअरिंगच्या डब्याची बैठक अजून वेल्डच्या नुसत्या चार कच्च्या टाक्यांवर उभी होती. इंजिनाच्या धुराच्या नळ्या बसल्याशिवाय ती पक्की करता येत नव्हती, म्हणून राहिली होती. गाडीत सगळ्यात जास्त ओढाताण ह्या एका पत्र्याला सोसावी लागते. तो सुटला तर चाक हातात नुसतं गरगर फिरतं आणि गाडी तिला हवी तिकडे जाते. घळीतल्या रस्त्यावर तिला हवं ते एकच ठिकाण आहे, खालची नदी.

"आज गॅस संपलाय, उस्ताद," मी म्हटलं. सिलिंडर भरलेला होता. मी काटा दिसू नये म्हणून त्यावर टोपी अडकवली.

गुरुवारी म्हटलं, सुया संपल्या. शुक्रवारी म्हटलं, माझी पाठ धरलीय, आज गॅरेज उघडत नाही. दार आतून लावून मी अंधारात येरझाऱ्या घालत बसलो आणि बाहेर तो कडी वाजवत राहिला. "लाइल, तू पाठीनं आजारी आहेस की डोक्यानं?" त्यानं विचारलं.  मी आत बसून ती बैठक गुपचूप वेल्ड करू शकलो असतो. दोनदा टॉर्च हातात घेतला. पण मग पुन्हा शिक्का मारावा लागला असता. त्यानंतर काय? तो शेजाऱ्यांच्या ट्रेलरचे दांडे जोडायला जाणार, कोणाच्या पोरांच्या झोपाळ्याला वेल्ड करणार. मी गावभर त्याच्या मागे शिक्का घेऊन फिरणार होतो का?

शनिवारी सकाळी तो आला तो स्वतःच्या खांद्यावर गॅसचा छोटा सिलिंडर आणि खिशात सुयांची डबी घेऊनच. "आता सांग, आज काय संपलंय?"

 त्यानं लोखंड घासलं, पुसलं, शिरस्त्राण चढवलं, हातमोजा घातला. टॉर्च बैठकीजवळ नेला. टॉर्चचं टोक हवेत वाटाण्याएवढी वर्तुळं काढत होतं. त्यानं मान हलवून शिरस्त्राण तोंडावर पाडलं आणि पाय पेडलवर ठेवला.

मी भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढला. पंखाही घरघरत थांबला.

"लाइट गेली काय रे?" शिरस्त्राणातून आवाज आला.

"मी घालवली."

त्यानं शिरस्त्राण वर केलं. "का?"

आठवडाभर मी मनात भाषणं जुळवली होती. त्यातलं एक आठवेल तर शपथ. "दिव्यांच्या बैठका तुम्ही केलेल्या नाहीत, उस्ताद. मी केल्यात."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग गाडीच्या नाकाकडे. "मग मी केलेल्या कुठायत?"

"मोडली. एक व्हाइसमध्ये धरून बघितली, मोडली. दुसरी धरलीच नाही."

"किती जोर लावलास?"

"फार नाही."

"आण."

भंगाराच्या पिंपातून मी तुकडे काढून आणले. त्यानं चष्मा लावला आणि मोडलेली कड उजेडात धरली, जशी आम्ही शॉपमध्ये कोणाही नवख्याची धरायचो. "एका बाजूला तार लागलेलीच नाही," तो म्हणाला. "इथे भोकं. इथे थंडच राहिलंय. ज्यानं हे केलं त्याला मी दुपारच्या आत घरी पाठवलं असतं."

"उस्ताद..."

"आणि शिक्का? नवीनवर?"

"मी मारला."

तुकडे त्यानं हळूच बाकावर ठेवले. ओरडला असता तर बरं झालं असतं, थोबाडीत मारली असती तर फारच बरं झालं असतं. "वेल्ड तू केलास, त्याचं काही नाही," तो म्हणाला. "मोडला म्हणून केलास. मीही केला असता. पण तू माझं नाव मारलंस, लाइल. मला माझा हात थरथरताना दिसत होता. डोळ्यांसमोर दिसत होता. आणि मी हातावर विश्वास ठेवला नाही, शिक्क्यावर ठेवला. जन्मभर तेच करत आलो ना."

 मी म्हटलं, "मला सांगवलं नाही."

"ते दिसलंच. आता ह्या स्टुलावर बसू दिलंस तोवर सांगवलं नाही." त्यानं हातमोजा काढायचा प्रयत्न केला, तो निघेना. मी पुढे झालो, तर त्यानं हात मागे घेतला आणि दातांनी ओढून काढला. "नॅडीननं टल्साला राहणाऱ्या बहिणीला फोन केलाय. चर्चमध्ये सांगितलंय. तिला कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"तूच सांगणार. चल."

माझ्या घरापासून त्यांचं घर तिसरं. एवढं अंतर चालायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता. व्हर्लन पुढे, मी मागे, पोरगं मुख्याध्यापकांकडे न्यावं तसा. नॅडीन ओट्यावर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. मांडीवर पातेलं, पायाशी कागदी पिशवी.

"मिस नॅडीन," मी नेहमीच्या अदबीनं म्हटलं, आणि पायरीवर बसूनच सगळं सांगून टाकलं. गुरुवार, व्हाइस, शिक्का, गॅसच्या काट्यावरची टोपी, सगळं. ती शेंगा मोडत राहिली. कट्ट, कट्ट. माझं संपल्यावरही दोन-तीन मोडल्या.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

व्हर्लननं वळून बघितलं.

"रोज सकाळी ह्याची कॉफी मीच ओतते, लाइल. अर्धा कप ओतते म्हणजे सांडत नाही. ह्या आठवड्यातही अर्धाच ओतला. डॉक्टरची वेळही मी रद्द केलेली नाही."

"मग चर्चमध्ये कशाला सांगितलंत?" माझा आवाज चढला. कोणावर तरी चिडायला मिळालं म्हणून मी चिडलो.

"हा घरी आला आणि मला म्हणाला, नॅडीन, हात परत आला. आता मी काय म्हणायचं होतं? नाही म्हणायचं होतं?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, गॅरेजमध्ये लाइल आहे. नको त्या गोष्टीला हात घालायला लागला तर तो थांबवील. आणि तू टोप्या अडकवत बसलास. उद्या त्या गाडीत ह्याच्या शेजारी मीच बसणार होते ना रे?"



"म्हणजे झालं," व्हर्लन म्हणाला. तो कठड्याला धरून उभा होता. "तुला माहीत, ह्याला माहीत. त्या डोनटवाल्यालाही माहीतच असणार. सगळ्या ऑइलडेलला माहीत. मी एकटा सोडून."

नॅडीननं पातेलं बाजूला ठेवलं. "तुलाही माहीत होतं, व्हर्लन."

रस्त्यावरून कोणाची तरी गाडी गेली, गाडीवाल्यानं हॉर्न वाजवून हात केला, कोणी उलट हात केला नाही. व्हर्लन कठड्यावरच्या आपल्या हाताकडे बघत होता. हात थरथरत होता आणि त्याच्याबरोबर कठडाही थोडा वाजत होता.

"होतं," तो म्हणाला. "पण आठ दिवस नव्हतं."

मग तो खुर्चीत बसला आणि त्यानं बायकोच्या पिशवीतून मूठभर शेंगा घेतल्या. मी पायरीवरून उठलो आणि गॅरेजकडे निघालो, कारण स्टिअरिंगची बैठक अजून चार टाक्यांवरच उभी होती आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता.